जळालेल्या मशीनचा ठसा

आधीच सांगते, मी लिनक्स सर्व्हर सांभाळते. काहीही बिघडलं की लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, बघायचा, कारण सापडतंच. कारणच सापडत नाही असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मी आजवर हसतच आले. आता स्वतःचा लिहायला बसलेय, तर हसू काही येत नाही...

गेवराई तालुक्यात उमापूरजवळ आमच्या कंपनीचं दूध संकलन केंद्र आहे. तिथला छोटा सर्व्हर भर दुपारी व्होल्टेजने जळाला — डिस्कसकट. केंद्र सांभाळतात नवनाथभाऊ. आधी नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ही नोकरी लागली तेव्हा कुठे हातातला कोयता सुटला.

मी बीडहून नवी मशीन घेऊन गेले. खोका मीच फोडला, सिस्टीम मीच टाकली. आता बीडच्या सर्व्हरवरून इथे एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन, चालू करायचं होतं. त्यात प्रत्येक मशीनच्या डिस्कवर एक गुप्त किल्ली असते, तिचा एक ठसा असतो, आपल्या अंगठ्यासारखा, आणि बीडचा सर्व्हर तो लक्षात ठेवतो. मशीन बदलली की ठसा बदलतो, मग स्क्रीनवर भलीमोठी वॉर्निंग येते. भाऊंना म्हटलंसुद्धा, आता आरडाओरडा होईल, घाबरू नका.

लॅपटॉपवरून बीडच्या सर्व्हरवर शिरले, तिथून उमापूरला लॉगिन केलं. वॉर्निंग आलीच नाही. सरळ पासवर्ड मागितला.

ठसा तपासला, तर जुनाच! जळालेल्या मशीनचा, अक्षर न् अक्षर तोच. असा योगायोग होतच नाही हो. जुन्या किल्लीची कॉपी मी कुठे ठेवलेली नव्हती, आणि ती डिस्क तर काळी पडून माझ्या पिशवीत होती. नव्या मशीनची केबल काढून पाहिली — कनेक्शन तुटलं. म्हणजे मी बोलत होते ती हिच्याशीच.

बीडला आमच्या साहेबांना स्पीकरवर फोन केला. त्यांनी लगेच निकाल लावला : नवनाथनेच जुनी किल्ली चोरून ठेवली आणि नव्या मशीनवर टाकली. तसं लेखी द्या, त्याला काढून टाकतो. अहो, पण भाऊंनी कीबोर्डला हातच लावला नव्हता. मी तिथून उठलेही नव्हते... की उठले होते, हात धुवायला? खरं सांगते, मला आठवेना.

भाऊ शेजारीच उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी.

"ताई, तुमी मला एकदा बी इचारलं न्हाई."

"तुम्ही केलं नाही, माहीत आहे मला."

"मग कुनी केलं?"



रिपोर्टमध्ये लिहिलं, कारण समजले नाही. साहेब लई चिडले, पण तेवढ्यावरून कुणाला काढता येईना. मी नवी किल्ली बनवली, पुन्हा लॉगिन केलं, आणि या वेळी वॉर्निंग आली. समोर कुणी तोतया असू शकतो, असं बजावणारी. ती बघून आम्ही दोघंही सुटल्यासारखे हसलो.

तो ठसा परत कसा आला, मला आजही माहीत नाही. भाऊ अजून तिथेच आहेत. लाईट जाऊन मशीन पुन्हा चालू झाली की त्यांचा फोन येतो, "ताई, ठसा नवाच हाय न्हवं?"

मी आधी बघते. मगच हो म्हणते.