बहात्तर ग्रॅमचा मामा

आता हे सांगायचं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची अब्रू चहात बुडवायची. पण तुम्ही आपली माणसं. ऐका, आणि बाहेर बोलू नका!

मला चार वर्षं झाली, शुगर हाय. गोळ्या चालू. मधी डॉक्टर म्हणाले, "सर, भात-भाकरी जरा कमी करा, प्रोटीन वाढवा. तुमची किडनी चांगली हाय. वजनाच्या किलोला एक ग्रॅम धरा. तुम्ही बहात्तर किलो, म्हणजे दिवसाला बहात्तर ग्रॅम."

किती सोपं! वडगावात घरी पोचायच्या आत मी मोबाईलवरनं काटा मागवलाबी. सोनाराकडं असतोय तसला, खिशात मावणारा.

पहिल्या दिवशी अंडं ठेवलं. पन्नास ग्रॅम! उरले बावीस. म्हणजे दुसरं अंडं अर्धंबी खायला येईना.

"मग ह्या उरलेल्या अंड्याचं काय करू?" बायकोनं विचारलं.

"झाकून ठेव. उद्या मोजू."

"त्यापरास कोंबडीलाच सांगते की, मोजून घाल म्हणून!"

मग बावीस ग्रॅम उसळ घेतली. किती होतीय ठाऊक हाय? दीड चमचा! आता डॉक्टर 'वाढवा' म्हणालते आणि माझं ताट तर रिकामं झालतं. शंका यायला नको? आली की! पण मी म्हटलं, वाढवून जर एवढंच होतंय, तर आजवर आपण नुसते बकासुरासारखे हाणत होतो!

तीन आठवड्यांत जिना चढताना पाय लटपटायला लागले. सायकलवरनं शेजारच्या खासबागेपतोर जायचं म्हटलं तरी धाप. अन् राग? माशी बसली तरी तिच्यावर ओरडत होतो.

"अवो, डॉक्टरांना परत इचारा," बायको रोज म्हणायची.

"काय इचारायचं? ग्रॅम म्हणजे ग्रॅम!"

अशात निपाणीला, नवऱ्या मुलाच्या घरी, आक्काच्या पोरीचा साखरपुडा निघाला. मी एकुलता एक मामा, लई मान. मुलाकडच्यांनी पोरीला बोरमाळ घातली, पाटल्या घातल्या, आणि पंगत बसली. पानात पनीरची भाजी आली. मी खिशातनं काटा काढला, वरचं झाकण उघडलं, आणि नेमकी त्याच वेळेला पोरगी पाया पडायला वाकली. बोरमाळ लोंबतीय, खाली माझ्या हातात काटा!

"अगं बया!" मुलाची आत्या किंचाळली. "मामा आमचं सोनं जोखायला लागल्यात!"

वाढपी जागच्या जागी थांबले. मुलाचे वडील उठून उभे ऱ्हायले. "पाव्हणं, संशय हुता तर आधी बोलायचं. भरल्या पंगतीत काटा काढतासा व्हय?"

आक्कानं डोळ्याला पदर लावला. पोरगी तर पांढरी पडली. माझ्यापायी सोयरीक मोडतीय का काय!

"अवो, सोनं न्हाय! पनीर! मी पनीर जोखतोय!"

"बघा!" आत्याबाई म्हणाल्या, "आता आमच्या पनीरवरबी संशय!"

मग मी शुगर, डॉक्टर, बहात्तर ग्रॅम, सगळं घडाघडा सांगितलं. मुलाची धाकटी बहीण बेळगावात एका दवाखान्यात डायटिशियन. ती पुढं आली.

"मामा, बहात्तर ग्रॅम म्हणजे काय काय खाता?"

"अंडं, उसळ, पनीर. सगळं मिळून बहात्तर!"

तिनं कपाळाला हात लावला. "अवो मामा, ते वजन प्रोटीनचं, पदार्थाचं न्हवं! एका अंड्यात सहा ग्रॅम असतंय. तुमच्या ह्या मोजणीत दिवसाचे जेमतेम दहा ग्रॅम होत्यात. भाकरीतनं थोडं मिळतंय म्हणून उभं तरी हाईसा!"

सगळा मांडव हसत सुटला. आक्काबी पदराआड हसायला लागली. आत्याबाईंनी स्वतः पळी घेतली आणि न मोजता माझ्या पानात पनीर ओतलं.

मुलाचे वडील डोळे पुसत शेजारी बसले. "पाव्हणं, तुम्ही हायस्कूलला मास्तर हुतासा म्हणं? कुठला विषय?"

"मराठी," मी घास गिळत चटकन म्हटलं.

बायकांच्या पंगतीतनं आमच्या हिचा खणखणीत आवाज आला,

"ऐकू नका त्यांचं! एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय!"