घडी घातलेला पट्टा

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांखाली तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या. स्वतःचे एक वाक्य कधी छापायला दिले नाही. मराठीचा निवृत्त शिक्षक साठी उलटल्यावर लेखणी हाती घेतो, हा आगाऊपणाच — त्याबद्दल क्षमा असावी. पण पुढे जे येणार आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला तर नाहीच. सांगायला गेलो की भलताच विषय काढून मोकळा होतो. म्हणून तुम्ही समोर बसला आहात असे समजून लिहितो.

आरंभ आनंदाने करतो, कारण गोष्ट मुळात आनंदाचीच आहे. माझी पत्नी सुजाता हैदराबादच्या उत्तरेकडच्या आमच्या मावला गावातून मोटारसायकलने निघाली आणि थेट कन्याकुमारीला पोहोचली. मी तिच्या मागे बसलो होतो. मागे — हा शब्द कृपया लक्षात ठेवावा.

सुजाताचे माहेर नेरडीगोंड्याच्या बाजूचे, महामार्गाला लागून. तिचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत. ती बांधावर बसून परमुलखाचे ट्रक पाहत असे. एकदा तिने विचारले, हा रस्ता जातो कुठे? वडील म्हणाले, ‘समुद्रापर्यंत जाते, बाई.’ त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. तिने तेव्हाच ठरवले की आपण तो पाहायचा, आणि याच रस्त्याने जाऊन पाहायचा. पुढे ती नर्स झाली. जैनथकडच्या खेड्यांत काळ्या चिखलातून मोटारसायकल चालवत तिने नोकरी केली. मी मात्र जन्मभर बसने गेलो. गाडी शिकावी असे वाटले नाही — की भीती वाटली? भीतीच वाटली.

निवृत्त झाल्यावर तिने हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून लांब पल्ल्याची वजनदार मोटारसायकल घेतली; जुनी, पण देखणी. दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, मागे पाठ टेकायला गादी. विशेष म्हणजे मागचे चाक साखळीने फिरत नसे, दाते असलेल्या रबरी पट्ट्याने फिरे. ना आवाज, ना तेल. मी सगळ्यांना सांगितले की मला अभिमान वाटतो. ते खोटे नव्हते. पण त्या अभिमानाच्या खाली काय होते?

चौकातल्या चहाच्या टपरीवर आमचे दादाराव बसतात. महसूल कचेरीतून निवृत्त झालेले, जिभेने अजून नोकरीतच असलेले. ते म्हणाले, ‘सर, सिस्टरचं जाकीट घट धरून बसा बरं, नाई तं कर्नूलले पडसान.’ टपरी हसली. मीही हसलो. घरी आलो तेव्हा माझे कान तापलेले होते.

आणि मग पट्टा तुटला. जैनथच्या वाटेवर गिट्टी पसरलेली होती. एक खडा पट्टा आणि चाकाच्या मध्ये सापडला आणि दातेच उपटून निघाले. गाडी मालवाहू ऑटोत घालून घरी आणावी लागली. डॉक्टरांमार्फत परदेशातून नवा पट्टा मागवला; चौकशीचे फोन माझ्याकडे होते. सुजाता रोज सकाळी उभ्या गाडीवरची धूळ पुसायची आणि विचारायची, ‘पार्सल आलं काय हो?’ पट्टा आला नाही. निदान, आला नाही असेच तिला ठाऊक आहे.

पावसाळा गेला, कापूस फुटला. एके दिवशी ती फडके खाली ठेवून म्हणाली, ‘सायकलीले चेन, माह्या जुन्या गाडीले चेन. मंग इलेच काऊन नाई?’

इस्माईलभाई मिस्त्री हात जोडून म्हणाले, ‘सिस्टर, ये कंपनी का डिझाइन है, इसमें हाथ नहीं डालते.’

‘कंपनीले जैनथचा रस्ता माईत हाये का, भाई?’

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले.

त्या दिवसांचे वर्णन मी कसे करू? पट्ट्याची दोन्ही चाके उतरली. साखळीची दातेरी चाके हैदराबादहून आली; ती या गाडीसाठी घडलेली नव्हती, म्हणून मागच्या चाकावर बसवायला लेथवाल्याकडून लोखंडी कडे करून घेतले. पहिल्यांदा साखळी टायरला घासली. कडे थोडे जाड करून आणले, तर पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत येईना. इस्माईलभाई कंटाळले, लेथवाला रुसला. सुजाता रोज डबा घेऊन वर्कशॉपमध्ये हजर. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे पाहायला दोरी ताणून धरायची असते. तिचे एक टोक तिच्या हाती, दुसरे माझ्या. माझे टोक सारखे रेषेबाहेर जात होते.

‘अहो, कविता नाई शिकवून राह्यले तुमी, दोरी धरून राह्यले. हात हालवू नका!’

सगळे हसले. माझे लक्ष दोरीवर का नव्हते, ते कोणाला कळणार?

अखेर दोरी दोन्ही चाकांच्या कडांना चारही ठिकाणी टेकली. सुजाताने गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि साखळी खळखळत फिरू लागली. पूर्वी मुकी असलेली ती गाडी — ‘आता बोलाले लागली पाहा!’ सुजाता ओरडली. इस्माईलभाईंनी लेथवाल्याला मिठीच मारली. मी मागे बसलो आणि आम्ही चौकातून निघालो. दादाराव टपरीबाहेर येऊन उभे. ‘काय सर, कसं वाटून राह्यलं मांगं?’

याच प्रश्नाला मी महिनोन्‌महिने भ्यालो होतो. आणि त्या क्षणी, भर रस्त्यात मोठ्याने बोलण्याचा मला जन्मभर संकोच असताना, मी ओरडलो, ‘वारा नाई लागत, दादाराव! समोर सिस्टर हाये!’ टपरी पुन्हा हसली. या वेळी माझे कान थंड होते. एवढे सोपे होते हे? एवढेच म्हणायचे होते?

इथे थांबून सांगायलाच हवे. पुढे ढकलण्याजोगे आता काही उरले नाही.

पट्टा आला होता. सुजाता माहेरी गेली होती त्या दिवशी आला. सही मी केली. खोका उघडला, त्यावर एक चित्र होते — घडी घातलेला पट्टा आणि त्यावर तांबडी फुली. तांबड्या शाईचा अर्थ मला कळत नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? चित्र पाहिले आणि तिकडे लक्ष दिले नाही. पट्टा दाबून दुमडला, ट्रंकेत गोधड्यांच्या तळाशी घातला. खोका पाणी तापवायच्या चुलीत गेला. ती आली. ‘पार्सल आलं काय हो?’ मी म्हणालो, ‘नाही.’

कशासाठी? बायकोच्या मागे बसलेला मी लोकांना दिसू नये म्हणून. दुसरे काहीही कारण नव्हते. जिच्या पगारावर हे घर माझ्या पगाराइतकेच उभे राहिले, जिने अर्ध्या तालुक्याची बाळंतपणे केली, तिच्या पाठीमागे बसण्याची मला लाज वाटली. समतेवर मी भाषणे केली आहेत. चांगली होत असत.

मध्यंतरी एकदा मन खाऊ लागले. ‘आजच आले’ असे सांगू, म्हणून पट्टा बाहेर काढला. दुमडल्या जागी रबर तडकले होते, आतले धागे तुटले होते. तो पट्टा आता कोणत्याही गाडीच्या कामाचा नव्हता. मी तो पुन्हा तळाशी ठेवला. आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा धूळ पुसत होती.

तर असा मी, तिच्या मागे बसून कन्याकुमारीला गेलो. अनंतपूरच्या पुढे साखळीचा एक जोड निसटला. सुजाताने पेटीतून नवा जोड काढला, रस्त्याकडेच्या सायकलवाल्याची पक्कड मागितली. त्याने उकळत ठेवलेला चहा होईपर्यंत आम्ही निघायला तयार. मदुरै मागे पडले, पवनचक्क्या आल्या, आणि एका सकाळी रस्ता संपला. खरोखरच संपला — पुढे नुसते पाणी. सुजाताने हेल्मेट काढून माझ्या हाती दिले, चपला काढल्या, घोटाभर पाण्यात उभी राहिली. मग वळून म्हणाली, ‘बाबा खरं सांगत होते.’

एवढा विजय मी कोणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नाही. मला तो पाहायला मिळाला, तेही सर्वांत जवळून.

तिथेच वाळूत बसून ती म्हणाली, ‘बरं झालं तो बेल्ट आला नाई ते. बेल्ट अनंतपूरले तुटला असता तं बसलो असतो तिथंच.’ मी मान हलवली. माझ्या खोटेपणामुळे शेवटी भलेच झाले, असे म्हणता येईल का? नाही. साखळी तिने बसवली. मी फक्त पट्टा लपवला.

परत आल्यापासून साखळीला तेल देणे माझ्याकडे आहे. ती धुतो, पुसतो, ताण पाहतो. शेजारीपाजारी म्हणतात, सरांसारखी बायकोच्या गाडीची सेवा कोणी करत नाही. सुजाताही कौतुकाने सांगते. मी ऐकून घेतो. तीन वर्षे ऐकून घेतले.

आता तिला याच रस्त्याचे दुसरे टोक पाहायचे आहे. श्रीनगर. पुढच्या महिन्यात निघायचे; माझी जागा तिने गृहीत धरली आहे. आज ती जैनथला एका जुन्या पेशंटच्या नातवाच्या बारशाला गेली आहे, ऑटोने. गाडी अंगणात आहे. मी ट्रंकेतून पट्टा काढला आणि गाडीच्या हँडलला टांगला. घड्या तशाच दिसतात. आल्याबरोबर तिला तो दिसेल, आणि मी दारातच उभा असेन.

तुम्ही तिच्या जागी असता, तर मला पुन्हा मागे बसू दिले असते का?