चार नावांचं पाकीट

रेवदंड्यात सुकी मासळी विकणाऱ्या चौघी एकत्र बसल्या की किस्से सांगावे लागत नाहीत, आपोआप साठतात. बोंबलाला निदान ऊन तरी लागतं, किश्श्यांना तेही नको! चौघी म्हणजे माझ्या सासूबाई आनंदी, यमुनामावशी, काशीबाई आणि मी, दर्शना.

बाजारात टोपली घेऊन बसायचं, एवढाच आमचा धंदा. मग अलिबागच्या रस्त्यावर एसी मार्ट आलं. शनिवार-रविवारच्या गाड्या तिथेच थांबायला लागल्या आणि आमच्या टोपल्या भरलेल्याच घरी यायला लागल्या. काशीबाई तर म्हणाली, "बस झाला. आता घरीच बसते."

सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून थेट मार्टात!

*

तिथे बोंबलाचं पाकीट उलटसुलट करून काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "गो, हे कधीचे?"

"मावशी, तारीख छापलीय ना!"

"ही पाकिटात गेल्याची. ते वर गेले कधी, ते सांग!"

मुलगी हसली, मॅनेजर नाही. सासूबाईंनी पाकीट मात्र विकत घेतलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "माल आपला बरा. पॅकिंग त्यांचं बरं. पॅकिंग शिकता येतं."

*

बचत गटातून व्हॅक्यूम मशीन आलं. पहिलं पाकीट झकास आवळलं... आणि फुस्स! बोंबलाचं टोक प्लॅस्टिकमधून बाहेर. दुसरं, तिसरं, तेच. काशीबाईने चिडून कात्री घेतली आणि सगळ्यांची डोकी-शेपट्या छाटून टाकल्या.

आठवड्याने एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "साफ करून देता, हे फार आवडलं. मार्टवाले देत नाहीत!"

काशीबाई कात्री पुसत म्हणाली, "व्हय, आमची खास पद्धत हाय ती!"

*

मग पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "सोडे हवेत, पण वास न येणारे. भाजायला घेतले की शेजारीण भांडायला येते."

"वास नको तर फोटो पाठवते!" सासूबाईंनी फोन ठेवला.

पण संध्याकाळी म्हणाल्या, "दर्शना, भाजताना वास येतो ना? मग भाजू आपण इथे!" अशी आमची सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, तयार चटणी निघाली. पहिली बरणी त्याच बाईंना पाठवली. चार दिवसांत पुन्हा फोन.

"अजून दोन बरण्या हव्यात."

"एवढ्यात संपली?"

"संपली कसली! शेजारीण घेऊन गेली!"

*

मोबाइलवर व्हिडिओ टाकायचं ठरलं. पुढे कोण येणार? यमुनामावशी. कॅमेऱ्यात बघून खणखणीत म्हणाली, "जवळा हाय! सोडे हाय! बोंबील हाय!"

खाली कमेंटांचा पाऊस. "हाय मावशी!" "हाय हाय!" "हाय फ्रॉम ठाणे!"

मावशी वैतागली. "माल हाय म्हणून मीच सांगितला ना? परत मलाच काय सांगतात?"

त्या आठवड्यात सुकवलेला सगळा जवळा संपला.

*

आज मुंबईतल्या मोठ्या दुकानांत आमचं पाकीट दिसतं. त्याची बोलणी आमच्या ओट्यावर झाली. त्या दुकानांचे खरेदीवाले साहेब आले, चटणी चाखली, बोटंही चाटली. म्हणाले, "सगळा माल घेतो. फक्त पाकिटावर नाव आमचं."

यमुनामावशीने माझं कोपर दाबलं. एवढी ऑर्डर! माझ्याही ओठांवर 'हो' आलं होतं.

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "नाव आमचं."

"बरं. गटाचं नाव टाकू बारीक अक्षरांत."

"गटाचं न्हाय. आनंदी, यमुना, काशी." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही दर्शना."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो तसाच धरून उभी राहिले.

साहेबांनी पाकीट हातात फिरवून बघितलं. "आजी, चार नावं यावर मावायची नाहीत हो!"

सासूबाईंनी चटणीची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"मग पाकीट मोठं करा!"