विहीणबाईंची माहेरवाशीण

आमच्या विहीणबाईंशी भांडून कोल्हापुरात आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि घाटाखाली तर समुद्रसुद्धा त्यांच्या जागेपाशी आला की जरा बिचकून मागे सरतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. विहीणबाई म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलाच्या सासूबाई. राहायला कोल्हापुरात, माहेर गगनबावड्याच्या खाली, समुद्राला लागून. पाठीला भाऊ नाही, म्हणून वडिलांनी किनाऱ्यालगतचा वाळूचा एक पट्टा त्यांच्या नावावर केला. त्या वाळूत नारळ नाही, आंबा नाही. आहे ती नुसती पिलूची झाडी. पिलू म्हणजे ज्याच्या काड्या दातवणाला बाजारात मिळतात ते जाड पानांचं झुडूप. आणि त्या झाडीत राहतं एक फुलपाखरू, बोटाच्या दोन पेरांएवढं, पिकल्या पेरूच्या गरासारखं गुलाबी, कडेनं काळी किनार. पुस्तकात त्याचं काही भारदस्त नाव असेल. विहीणबाई त्याला माहेरवाशीण म्हणतात, कारण मध खायला ते गावभर हिंडतं, पण अंडी घालायला पिलूवरच येतं. बाळंतपण दुसरीकडे कुठे करतच नाही. पूर्वी खाडीच्या तोंडापासून देवळापर्यंत ही झाडी होती म्हणे. आता दोन्ही बाजूंनी बंगल्यांच्या भिंती आल्या, आणि मध्ये उरला तो विहीणबाईंचा पट्टा. तेवढा गेला की त्या किनाऱ्यावरून माहेरवाशीण गेली.

माझी आणि विहीणबाईंची पहिली भेट झाली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. मी तेव्हा पन्नाशीच्याही आत होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. मुलाची आई म्हणून कसं बसायचं, किती हसायचं, पोह्यांतला पहिला घास खाऊन भुवई किती उंच करायची, याची मी आरशासमोर तालीम करून गेले होते. मानपानाची यादी तोंडपाठ होती. विहीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, वाकल्या, आणि त्यांच्या पदरावरून एक हिरवीगार अळी माझ्याकडे मान उंचावून बघू लागली. आदल्या दिवशी माहेराहून येताना ती पिशवीतनं आली होती. मी जी किंचाळले ती पायातल्या जोडव्यांसकट त्यांच्या सोफ्यावर उभी. नवी पैठणी, अंबाड्यात गजरा, आणि एका हातात बशी. "बसा हो विहीणबाई, ती तुम्हाला खात न्हाई. तिला पिलूचा पालाच लागतो," असं म्हणून त्यांनी अळी अलगद बोटावर घेतली आणि आत ठेवून आल्या. सोफ्यावर उभं राहून मानपान मागायला तोंड कुठलं? लग्न साध्या नारळावर ठरलं. पुढे कित्येक वर्षं मी नातेवाइकांना सांगत होते की आम्ही विचारांनी फार पुढारलेले, आम्ही काही मागितलं नाही.

विहीणबाई ब्लाऊज शिवतात. हात असा की माप न घेता नुसतं बघून कापड कापतील. पण गिऱ्हाइकांचे हाल बघवत नाहीत. ऐन लग्नसराईत दाराला कुलूप, आणि बाई घाटाखाली पानं उलटीपालटी करून अंडी बघायला गेलेल्या. परत आल्यावर गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर तिलाच सुनावणार: तुझं लग्न काय, पुढच्या महिन्यातही होतंय, तिचं एकदा हुकलं की हुकलं. नवरीकडचे लोक पाय आपटत जातात आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तिथेच येतात. गुलाबी कापड आलं की त्या ते उजेडात धरतात आणि माहेरवाशिणीच्या पंखाच्या आतल्या अंगाशी जुळतं की बाहेरच्या, हे ठरवल्याशिवाय कात्री लावत नाहीत.

किनाऱ्यावर त्यांचं राज्य वेगळंच. आपली कोल्हापूरची मंडळी सुट्टीला खाली उतरतात ती गॅसची शेगडी, मसाल्याचा डबा आणि कोंबडी घेऊनच. सावलीला म्हणून नेमकी पिलूखाली चूल मांडतात. विहीणबाई आधी रश्श्याची चव घेतात, मीठ कमी असल्याचं सांगतात, आणि पावण्यांना बोलण्यात गुंतवून त्यांची सगळी पंगत मोकळ्या वाळूवर हलवतात. एकदा शेजारच्या बंगल्याच्या कामावर आलेलं जेसीबी चुकून, किंवा चुकून असं सांगून, यांच्या झाडीत शिरू लागलं. बाईंनी घडीची खुर्ची मधोमध टाकली, पिशवीतनं कुणाकुणाचे ब्लाऊज काढले आणि हुक लावत बसल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, विनवलं, शेवटी खाली उतरून शेजारी उकिडवा बसला. त्याच्या सदऱ्याची दोन बटणं तुटलेली बघून यांनी तीही लावून दिली. अंगावर तो सदरा घालून तेच यंत्र बाईंवर घालणं काही त्याला जमेना. तो मागे वळवून घेऊन गेला.

अशा बाईंच्या जावयाच्या, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या डोक्यात त्या जागेवर होमस्टे बांधायचं आलं. त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, चालतंही बरं. पण समुद्र दिसला की कोल्हापूरच्या माणसाला खोल्या दिसतात. खोटं कशाला बोलू, मलाही दिसल्या. वेताच्या खुर्चीत बसून मी नोकरांना नारळ सोलायला सांगते आहे, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. खुर्चीवरच्या उशीचा अभ्रासुद्धा ठरला होता. त्यात अधिकमास आला. अधिकमासात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, त्याचं मागणं शक्यतो मोडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. चिरंजीवांनी तो मुहूर्त साधला आणि पुरणाचे धोंडे खाता खाता हसत हसत जागा मागितली. सूनबाईनं मान खाली घातली. विहीणबाई हं म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या त्या झाकलेलं ताट घेऊन. वरचं वस्त्र काढलं, तर अनारशांच्या शेजारी स्टीलच्या पेल्यात पिलूची फांदी, आणि तिच्यावर शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक अळ्या.

"जावईबापू," विहीणबाई म्हणाल्या, "यातली एक तरी वाढवून पाखरू करून दाखवा. झालं, की जागा तुमच्या नावावर. मग झाडी ठेवा न्हाईतर हॉटेल बांधा, मी तोंड उघडणार न्हाई."

वाण नाकारता येत नाही. चिरंजीवांना वाटलं, जागा खिशात आली. मी मात्र विहीणबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का, जन्मभर राखलेलं असं पैजेवर लावतात का. त्या ताकाचं भांडं घासत होत्या. "मी किती पुरणार, विहीणबाई? मला भिऊन राखलेलं माझ्यामागं एक दिवस टिकायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि भांडं पालथं घातलं.

फांदी संपली आणि आमच्या घरातली शांतता संपली. कोल्हापुरात पिलू कुठून आणायचं? चिरंजीवांनी मेथी घातली, पालक घातला, शेवटी उसाचा पाला घातला. अळ्यांनी तोंड फिरवलं. मी सुचवलं की तूसुद्धा लहानपणी मेथी खात नव्हतास, थोडा गूळ लावून बघ. गूळ मुंग्यांनी खाल्ला. दोन अळ्या मेल्या, तेव्हा माझा मुलगा खरा घाबरला आणि त्यानं सासूला फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"आई, कोबी चालंल का?"

"धोंड्याला आलासा, तवा मी तुम्हाला कडबा वाढला हुता का?"

फोन बंद. त्याच दुपारी दुकान नोकरावर टाकून तो घाट उतरला आणि पिलूच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. मग हे नेहमीचंच झालं. गगनबावड्याला धुकं असो, घाटात गाड्या तुंबलेल्या असोत, हा पाल्याला चाललाच. गिऱ्हाईक विचारी, मालक कुठं गेलं. नोकर सांगे, वैरण आणायला गेलंत. पेला दुकानाच्या गल्ल्यावर आला. मुरगूडहून, वडगावहून पार्ट न्यायला आलेले शेतकरी बेअरिंग बाजूला ठेवून अळी किती वाढली ते बघू लागले. एकानं सल्ला दिला की औषध मारा, कीड पडलीय. त्याच्याशी चिरंजीव असे काही भांडले की मला क्षणभर विहीणबाईच दुकानात आल्याचा भास झाला. एक अळी तेवढी तगली. तिनं काडीला अंग टेकवून कोश केला आणि आमचं घर कुजबुजत बोलू लागलं. मिक्सर बंद, पंखा बंद. उकाड्यानं माझा जीव चालला होता, पण बोलायची सोय नव्हती.

एका सकाळी ती बाहेर आली. ओली, चुरगळलेली, नुकत्याच उसवलेल्या कापडासारखी. हळूहळू पंख ताणले गेले आणि तो गुलाबी रंग उघडला. चिरंजीवांनी तिला भोकं पाडलेल्या खोक्यात अलगद उतरवलं. विहीणबाईंना आणि मला गाडीत घालून, खोका सूनबाईच्या मांडीवर देऊन तो घाट उतरला, एसी न लावता, गाडी खड्ड्यात न आपटता.

झाडीपाशी खोका उघडला. ती जरा थांबली, मग उठली आणि पानांत शिरली. विहीणबाई जावयाकडे वळल्या. "झालं. शब्द दिल्ता. जागा तुमची. बोला आता."

चिरंजीव दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे बघत राहिले, मग वाळूतल्या गाडीच्या चाकोऱ्यांकडे.

"आई, कुंपण कुठनं घालायचं?" त्यांनी सासूला विचारलं.

"कशाला?"

"गाड्या आत येत्यात न्हवं. चिरडत्यात समदं."

विहीणबाई चष्मा काढून पुसत बसल्या, बराच वेळ. सूनबाई आणि चिरंजीव बांध बघायला पुढे गेले. वेताच्या खुर्चीचं म्हणाल तर मला वाईट वाटलं, थोडंसं. अभ्र्याचं जरा जास्त.

मग विहीणबाईंनी चष्मा लावला, एक फांदी ओढून डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. सुईत दोरा ओवता ओवता ते डोळे आता थकलेत; अंडं केवढं, तर खसखशीच्या दाण्याएवढं. त्यांनी ती फांदी माझ्या हातात दिली. अळी बघून सोफ्यावर चढलेली मी, गुडघे मोडत वाळूत बसले आणि एकेक पान उलटून बघू लागले. वारा होता, पानं हलत होती, पलीकडच्या बंगल्यात कुणीतरी पाण्याची मोटर लावली होती.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई हो."

"मग फुडलं पान बघा," विहीणबाई म्हणाल्या.