पुलावरचं अस्वल

१४ डिसेंबर, रविवार. यांच्या पायजम्यांच्या नाड्या काढून इलॅस्टिक ओवायचं काम घेऊन बसले होते. नाडी बांधायला दोन हात लागतात, आणि यांचा उजवा हात मार्चपासून नुसता मांडीवर पडून असतो. घरी मी बांधून देते. पण गावाला माझ्या दिराने किंवा जावेने रोज ते करावं, हे मला बरं वाटेना. गुरुवारी दीर गाडी घेऊन इथे गुजरातेत, डिंडोलीला आमच्याकडे येणार होता आणि यांना अमळनेरजवळच्या गावी नेणार होता. किती दिवसांसाठी, ते कोणी बोललं नव्हतं.

मार्चमध्ये यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सुटला, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात. बोलणं मात्र गेलं. मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस, दिवसभर बोलायचा आणि घरी येऊन पुन्हा बोलायचा. हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी एक मुलगी होती. चांगली होती, घाई करायची नाही. समोर चित्रांची कार्डं मांडून ती गुजरातीत विचारायची, "अंकल, चमची क्यां छे?" हे कंगव्यावर बोट ठेवायचे. मग ती हिंदीत विचारायची. हे खिडकीबाहेर बघायचे. डॉक्टर म्हणाले, आत किती पोचतंय ते सांगता येत नाही. आम्ही त्याचा अर्थ काढला, काही पोचत नाही. तेव्हापासून घरात यांच्यासमोर सगळं बोललं जायचं, कपाटासमोर बोलावं तसं.

त्या दुपारी दिराचा फोन आला तेव्हाही माझे हात शिवणात होते, म्हणून स्पीकरवर टाकला. हे खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसले होते.

"वहिनी, मागची खोली रंगवून घेतली. पलंग बुटकाच ठेवलाय."

"बरं केलंत. संडास?"

"कमोड बसवला. दादाला करमेल ना इथे?"

मी दातांनी दोरा तोडला आणि म्हटलं, "त्यांना इथलं काय आणि तिथलं काय, कळतंय कुठे. माझी रजा संपली हो भाऊजी. सांभाळणारी बाई टिकत नाही. बँक सोडून मी घरी बसले तर खायचं काय?"

यात खोटं काहीच नव्हतं. तिसरी बाई दिवाळीला गेली ती आलीच नव्हती.

आमची मुलगी बडोद्याला शिकते. ती शनिवारीच आली होती, बापाला भेटून घ्यायला. संध्याकाळी तिने लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि म्हणाली, "पप्पा, आपला सिनेमा आलाय."

आपला म्हणजे त्या पुस्तकांचा. सात जाड इंग्रजी पुस्तकं आमच्या टीव्हीखालच्या फळीवर आहेत. एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत सात राज्यं ओलांडते, अशी ती गोष्ट. आमची मुलगी लहान असताना हे तिला रोज जेवणानंतर ती वाचून दाखवायचे. वाचायचे म्हणजे डोळे इंग्रजीवर आणि तोंडाने अहिराणी. मी वर्ध्याची. माझ्याशी हे पहिल्यापासून पुस्तकी मराठीत बोलले, शाळेत तीच भाषा, बाजारात गुजराती. अहिराणी आईशी, भावाशी आणि त्या गोष्टीत. पोरीला ती येते तीही त्या गोष्टीपुरतीच. एखादं प्रकरण संपलं की ती विचारायची, "मंग काय व्हयनं?" आणि हे पुस्तक मिटायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे की झोपा आता.

मला त्या भुताखेतांत कधी रस नव्हता. मी इलॅस्टिक घेऊन सोफ्याच्या टोकाला बसले.

सिनेमा हिंदीत होता. पोरीची कटकट पहिल्या मिनिटापासून सुरू. "हिचे केस लाल कुठे होते? ही तर सिरीयलमधली सून वाटते." राजवाडा आला तर म्हणाली, "आपल्या रिंग रोडवरच्या साडीच्या मॉलसारखा केलाय." हे पडद्याकडे बघत होते, पण हे तर बातम्या लागल्या तरी बघतात आणि जाहिराती लागल्या तरी बघतात.

थोड्या वेळाने तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतःच बोलायला लागली. त्यांच्या पद्धतीने, मोडक्यातोडक्या अहिराणीत, राजाला एक आवाज आणि चेटकिणीला दुसरा. मी म्हटलं, "आवाज कशाला घालवलास? मला काही कळत नाहीये."

"तुला कधी कळलं होतं? आम्हाला आमचं बघू दे."

सिनेमातली मुलगी दरीवरच्या पुलापाशी आली. झपझप पूल ओलांडून गेली. तेव्हा यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. जोरात.

मला वाटलं, लघवीला. उठले, काठी दिली, न्हाणीघरात नेलं. काही झालं नाही. परत आणून बसवलं. सिनेमा तिथेच थांबवून ठेवला होता. पुन्हा सुरू केला, मुलगी पलीकडच्या गावात शिरली, आणि पुन्हा हात आपटला. मी पुन्हा काठी पुढे केली. ती त्यांनी बाजूला सारली.

"पोटात दुखतंय का बघ," मी म्हटलं.

पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने सिनेमा मागे नेला, पुलाच्या आधी. "मम्मी, अस्वल नाहीये."

"कसलं अस्वल?"

"पुलावर आंधळं अस्वल बसतं. कोडं घातल्याशिवाय कुणाला सोडत नाही. यांनी काढूनच टाकलंय. पप्पा, अस्वल कोठे ग्यं?"

हात आपटला गेला नाही. तळवा वर करून त्यांनी तो टीव्हीकडे नेला. शाळेतून घरी आल्यावर, मुलांनी काही गाढवपणा केला असेल तर, हे असाच हात करायचे.

मला लगेच विश्वास ठेवायची सवय नाही. हाताची हालचाल म्हणजे उत्तर नव्हे. मी पोरीला म्हटलं, "त्यांना असं काही विचार, जे खोटं असेल."

ती त्यांच्याकडे वळली. "पप्पा, ते अस्वल मध खाये ना?"

हात आपटला.

"मग काय, कळण्याची भाकर?"

हात खुर्चीवर शांत पडून राहिला. ओठांची डावी बाजू जरा हलली.

पोरगी हसायला लागली आणि हसताहसता तिने मला सांगितलं. पुस्तकात अस्वल मधच खातं. ते तिला फार उशिरा, स्वतः पुस्तक वाचलं तेव्हा कळलं. यांच्या गोष्टीतलं अस्वल मात्र कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर आणि मिरचीचा ठेचा मागायचं, आणि ठेचा कमी तिखट असला तर कोडं अवघड घालायचं. ते या दोघांशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं. मलासुद्धा.

"मम्मी, सगळं आहे आत," ती म्हणाली. "सगळं कळतंय त्यांना."

मी हातातला पायजमा खाली ठेवला. तिच्या डोक्यात अस्वल होतं. माझ्या डोक्यात दुपारचा फोन. रंगवलेली खोली, कमोड, कळतंय कुठे. फक्त दुपारचाच नव्हे. मार्चपासून या खोलीत काय काय बोललं गेलं होतं, ते मी आठवायला लागले आणि मध्येच थांबले. शेजारीण विचारायची, अजून किती काढायचं असं? मी तिला उत्तर द्यायचे. हे तिथेच, त्या खुर्चीत.

"तुला आनंद नाही झाला का?" पोरीने विचारलं.

"झाला. उरलेला सिनेमा लाव."

तिने लावला. मी यांच्याकडे बघायचं टाळलं. सिनेमा संपल्यावर भात कालवून दिला. एरवी मी घास देताना फोनवर बोलते. त्या दिवशी फोन आत ठेवून आले. हे माझ्याकडे बघत जेवले. त्या बघण्यात राग होता की नव्हता, ते मला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यावर ते ओळखायची वेळच आणली नव्हती. राग आला की सांगून टाकायचे.

गावाला न्यायच्या यांच्या कपड्यांची पिशवी भरलेलीच होती, दाराशी. कळलं तरी काय बदललं होतं? बाई नव्हती ती नव्हतीच. पोरगी परत जाणार होती. मला साडेनवाला बँकेत पोचायचं होतं. गावात भाऊ होता, जाऊबाई होती, आणि तिथे सगळे यांच्याशी यांच्या भाषेत बोलले असते. कदाचित तेच बरं झालं असतं. पण ते मी ठरवलं होतं, दिराने ठरवलं होतं, आणि ज्याला जायचं तो समोर बसून ऐकत होता.

सकाळी चहा झाल्यावर मी खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले, दिराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भाऊजी, यांना सगळं कळतं. काल समजलं. गावाला यायचं का, ते तुम्ही यांनाच विचारा. तुमच्या भाषेत विचारा."

मग त्याचा आवाज आला, हळू. "दादा, येशी का गावले?"

यांनी हात आपटला. एकदा, आणि माझ्याकडे बघून पुन्हा एकदा.

"काय म्हणाला, वहिनी?"

"नाही म्हणाले."

"मग तुम्ही काय करणार?"

"ते अजून माहीत नाही," मी म्हटलं. फोन ठेवून बँकेत कळवलं की आज येत नाही. मग पिशवी रिकामी केली, आणि इलॅस्टिक घातलेले पायजमे यांचा डावा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवले.