मच्छिंद्रकाका बाथरूम फवारतात

मच्छिंद्रकाकांनी चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात बाथरूममध्ये एकच काम केलं होतं, आणि ते सगळेच करतात. बादली भरलेली असायची, फरशी घासलेली असायची आणि हे सगळं आपोआप होतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तीर्थपुरीत आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे मी ऐकीव सांगत नाही. गावात त्यांचं नाव फवारणीसाठी. कपाशीचं पान उलटं करून बघायचं आणि कुठलं औषध, पंपाला किती झाकणं, हे सांगून टाकायचं. लोक माना डोलवायचे. त्यामुळे घरात पाण्याचा तांब्या मागतानासुद्धा काकांचा आवाज सल्ला दिल्यासारखा असायचा.

गेल्या वर्षी सगुणाकाकूच्या छातीत गाठ निघाली आणि संभाजीनगरला किमो सुरू झाली. पहिल्या डोसानंतर नवव्या दिवशी तिला ताप भरला. पांढऱ्या पेशी पार तळाला गेलेल्या, आठ दिवस पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं, की असा ताप परत आला तर पुढचे डोस लांबतील आणि मग गाठीचं काही सांगता येणार नाही. घर, त्यातही बाथरूम, स्वच्छ ठेवा म्हणाले.

काकांचा मुलगा कल्याण पुण्याला. सून मीना घनसावंगीच्या एका दवाखान्यात नर्स, सकाळी साडेसातची जीप पकडणारी. दिवसभर घरात राहिले कोण, तर काका.

"मामा, मी गेल्यावर बाथरूम तुम्हालाच पुसावं लागंल. रोज, दोनदा," मीना म्हणाली.

"मी?" काका म्हणाले. त्या एका अक्षरात त्यांची बावीस एकर जमीन होती.

पण काकूकडे बघितलं आणि ते उठले. दुसऱ्या दिवशी गोठ्यातून त्यांनी कपाशीचा पाठीवरचा पंप काढला, धुतला आणि अंगणात सामान मांडलं. फिनाईल, ॲसिड, ब्लिचिंग पावडर. तिन्ही एकाच पंपात. कपाशीवर ते असंच करत आले होते, तीन औषधांसाठी तीनदा कोण चालणार? नशीब म्हणा, मीना डबा विसरून परत आली.

"मामा! ठिवा ते खाली!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. "ॲसिड अन् ब्लिचिंग एकत्र केलं तर गॅस होतो. आत्यांच्या आधी तुम्हीच जाल! अन् हा विषाचा पंप घरात कशाला आणला?"

"सात पाण्यानं धुतला की."

"सत्तर पाण्यानं धुवा. घरात न्हाई आणायचा."

काका दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी मीनानं एकट्या ब्लिचिंगचं पातळ पाणी फवाऱ्याच्या बाटलीत करून दिलं, ते मात्र त्यांनी मुकाट्यानं घेतलं. आता हातात पंप नव्हता, पण अंगातली सवय कुठे जाते? दारात उभं राहून ते चारी भिंती छतापर्यंत भिजवायचे, कोपरान् कोपरा. बाहेर आले की छाती पुढे. तीन दिवस हा सोहळा चालला.

तिसऱ्या दिवशी मीना आत गेली, दिवा लावला आणि तिथूनच हाक मारली. भिंतीपलीकडे मी कपडे धुणं थांबवलं आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, उगाच खोटं कशाला बोला.

दाराच्या कडीवर पांढरा ठिपका. दिव्याच्या बटनावर ठिपका. नळाच्या चावीवर, फ्लशवर, मगाच्या दांड्यावर, आणि काकूला उठताना धरायला बसवलेल्या स्टीलच्या पाइपवर तर अंगठाच उमटलेला. काका दिवसातून दहा वेळा तंबाखू मळतात. त्या हाताचा चुना.

"भिंतीला कोण हात लावतं, मामा?" मीना म्हणाली. "हात लागतो तो कडीला, बटनाला. तुमचा चुना दिसतो तरी. बाकीच्या हातांची घाण दिसत न्हाई, एवढाच फरक."

काका त्या पाइपकडे वाकले. मग नखानं अंगठ्याचा तो ठसा खरवडायला लागले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्या घरात पहिल्यांदा ऐकू आले. मला भरून आलं आणि हसूही आलं.

मग मात्र काकांनी काम अंगावर घेतलं. हातमोजे घालायचे, आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा, मग औषधाचं फडकं, ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, शेवटी साध्या पाण्याचं. बटनासाठी मेन स्विच बंद करून, फडकं घट्ट पिळून. ती दहा मिनिटं काका दाराबाहेर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचे आणि कुणालाही आत सोडायचे नाहीत. त्यांचे दोस्त कडूबा एकदा फार घाईत आले, त्यांना शेताचा रस्ता दाखवला. तंबाखू सुटली नाही, काका काही साधू झाले नाहीत. फक्त मळल्यावर बाहेरच्या नळावर साबणानं हात धुवायला लागले.

"काय मच्छिंद्रराव, संडास पुसून राह्यले म्हणं?" कडूबांनी पारावर चारचौघांत विचारलं.

"पुसून राह्यलो. तुह्या घरची कडी कोण पुसतं?"

"कडी कशाला पुसायची?"

"अळी पानाच्या मागं बसती, अन् तू वरून पंप मारून राह्यला," काका म्हणाले. यावर पारावरच्यांनी माना डोलवल्या, कारण फवारणीचं काकांचं सगळे मानतात.

दुसरा डोस झाला. नवव्या दिवसापासून काका दर दोन तासांनी थर्मामीटर घेऊन हजर. "अव, किती येळा बघता? मी काय कपाशी हाय का?" काकू करवादायची. ताप आला नाही. पेशीही बऱ्या निघाल्या.

तिसऱ्या डोसाला काकूसोबत मीही गेलो. दुपारी सलाईन संपलं आणि तिला बाथरूमला जायचं होतं. "दहा मिनटं दम धर," काका म्हणाले. सिस्टरला विचारून त्यांनी पिशवीतून मोजे, फडकी, बाटली काढली आणि आत शिरले. आम्ही बाहेर उभे.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची मुलगी आली. काकांना वाकून कडी पुसताना बघून म्हणाली, "भाऊ, नवीन लागलात का कामाला? पलीकडचं पण करा ना, आमच्या आईला जायचंय."

आता ते उखडणार, याची मला खात्री होती.

"हौ, नवीन हाय," काका घड्याळ बघत म्हणाले. "माह्या बाईचं होऊ द्या, मंग तुमच्या आईचं करतो."

काकूनं माझा खांदा घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चाळीस वरसं झाली," ती हळूच म्हणाली. "आज पयल्यांदा वाटलं, ह्या माणसाला मी पाह्यजे."