टाकीतलं तेल

रेल्वेतला गोरा साहेब मायदेशी गेला आणि कलकत्त्यात गार्डन रीचमधला त्याचा बंगला बाबांना मिळाला. बंगल्याला गॅरेज होतं, आमच्याकडे मोटार नव्हती. ती रिकामी जागा बाबांना खुपायची. बराकपूरला लष्कराचं लढाईतलं जुनं सामान विकायला निघालं तेव्हा तिथून ते एक मोडकी मोटारसायकल ठेल्यावर घालून घेऊन आले. ठेलेवाला दमून पायरीवर टेकला, आईने त्याला पाणी दिलं. घरातला तांब्या परक्याच्या तोंडाला लावला म्हणून बाबांनी त्याच्यादेखत आईच्या थोबाडीत मारली. ठेलेवाल्याने तांब्या हळूच खाली ठेवला आणि मान वळवली. मोटारसायकल आमच्या घरी आली ती अशी.

बाबा मारायचे. संतापाच्या भरात भान राहत नाही त्यांना, असं आई सांगायची, पण ते खरं नव्हतं. भान पुरेपूर असायचं. आईच्या हातातली बांगडी फुटणार नाही, चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशी काही दिसणार नाही, अशा बेताने ते मारायचे. रेल्वेच्या कारखान्यात शांत, शिस्तीचा अधिकारी म्हणून त्यांचं नाव होतं. कलकत्त्यातल्या मराठी मंडळीत तर सज्जन माणूस म्हणून त्यांचा दाखला द्यायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण तोंडातून शब्द काढायची हिंमत नव्हती.

मी वीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते. मुलगा नव्हता, म्हणून गाडीच्या कामाला मला धरलं. माझी बोटं बारीक, इंजिनाच्या खाचाकोपऱ्यात जायची. लिहायला लाज वाटते, पण ते काम मला मनापासून आवडलं. रॉकेलने भरलेल्या परातीत एकेक भाग धुऊन काढताना खालचं चकचकीत लोखंड दिसायला लागलं की मी कॉलेज, आई, सगळं विसरायची. आई स्वयंपाकघरात रडत असेल आणि इकडे मी कार्बोरेटरच्या भोकातून केस घालून घाण काढत बसलेली असेन, असं कितीदा तरी झालं.

गाडी होती विमानातून छत्रीने खाली सोडण्यासाठी बनवलेली, हलकी, सायकलीची थोरली बहीण शोभेल अशी. तिचं इंजिन टू-स्ट्रोक. या इंजिनाला तेलाची निराळी सोय नसते, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल सोळा मापं, तेल एक माप. मापही टाकीच्या झाकणालाच जोडलेलं होतं. तेवढ्या तेलावर आतला पिस्टन सरकतो. तेल नसेल तर तो तापतो, फुगतो आणि धावत्या गाडीत सिलिंडरला चिकटून बसतो. मग मागचं चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. हे मला बाबांनीच शिकवलं. "सोळाला एक" असं माझ्याकडून घोकून घेतलं, आणि एकदा मी "सोळाला दोन" म्हणाले तेव्हा पान्याचं टोक माझ्या डोक्यात आपटलं. तेव्हापासून मिश्रण करायचं काम माझं. त्यात मी एकदाही चुकले नाही.

"ठोकल्याशिवाय काही सुटत नाही," हे बाबांचं ब्रीदवाक्य होतं. गंजलेला नट असो की आई. इंजिनाच्या चक्रावरचा मोठा नट महिनाभर सुटत नव्हता. बाबा रोज कारखान्यातून आले की कोट काढून हातोडा घ्यायचे. बंगल्याच्या भिंती दणाणायच्या, आमच्या शेजारची बंगाली काकू खिडकी लावून घ्यायची. त्या नटाचे सगळे कोपरे झिजून तो गोटीसारखा गोल झाला. एके दिवशी ते घरी नसताना मी त्याला दिव्याची आच दिली, पक्कड लावली आणि तो सुटला. फुशारकीने मी तो टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की दिवा कुणाला विचारून पेटवलास. मग मारलं. कानात दोन दिवस कारखान्याचा भोंगा वाजत होता. तरीही पुढे काही अडलं की आच द्यायचं काम ते माझ्याकडे द्यायला लागले.

इंजिन जुळलं तसं बाबांनी गाडीचं रूप पालटायला घेतलं. लष्करी हिरवा रंग खरवडून टाकी गर्द लाल केली. चाकांवरचे पत्रे कापून आखूड केले. हँडल खाली वाकवलं. सायलेन्सरच्या आतले पडदे काढून टाकले, त्यामुळे आवाज गाडीच्या आधी रस्त्याच्या टोकाला पोचायचा. मागचं कॅरियर कापत होते तेव्हा आई दाराशी उभी होती. तिथे छोटी गादी बसवली तर मागे एकाला बसता येईल, गंगेच्या काठाने जाऊन येता येईल, असं ती म्हणाली. लग्नानंतर तिने काही मागितल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं. बाबांनी करवत थांबवलीसुद्धा नाही. कॅरियर खाली पडलं आणि गाडी एकट्याची झाली.

याच सुमाराला आईचं बोट मोडलं. सुटे नट-बोल्ट बाबांनी क्रमाने एका पितळी वाटीत ठेवले होते. चैत्रात हळदीकुंकवाला बायका येणार, वाट्या कमी पडल्या, म्हणून आईने ते नट कागदावर ओतले आणि वाटी घासून घेतली. बाबांनी तिला बोलावलं, टेबलावर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. मी गाडीच्या पलीकडे हातात चिंधी घेऊन उभी होते. पाना एकदाच खाली आला. डॉक्टरांना दारात बोट सापडलं म्हणून सांगितलं, आणि दार किती जड आहे त्याचंही वर्णन आईने केलं. मधलं बोट पुढे आडवं वाकडंच राहिलं. पोळी लाटताना ते वर उचललेलं दिसायचं.

त्या वर्षी नवरात्रात गाडी तयार झाली. बाहेर दुर्गापूजेचे ढाक, तिथले मोठे ढोल, वाजत होते, गल्लीगल्लीत मांडव होते, आणि आमच्या घरात आमचं खंडेनवमीचं चाललं होतं. खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. बाबा हे कटाक्षाने पाळत. हातोडा, पाने, करवत, सगळं पाटावर, आणि यंदा मध्यभागी मोटारसायकल. दसऱ्याला सकाळी पूजा करून ते तिच्यावरून थेट बराकपूरपर्यंत सीमोल्लंघनाला जाणार होते. तिथल्या एका मराठी लष्करी कुटुंबाला सोनं देऊन यायचं होतं. आपटा तिथे मिळत नसे, आम्ही कांचनाची पानं वाटायचो.

नवमीला सकाळी कारखान्यातल्या पूजेला जाताना त्यांनी आईला सांगितलं, "गाडी आतबाहेर लख्ख झाली पाहिजे. एक डाग दिसला तर बघ."

मी मैत्रिणीकडे गेले होते. आईने गाडी चिंचेने, साबणाने घासली. मग तिला "आतबाहेर" आठवलं. तिने टाकीचं झाकण उघडलं. आत गढूळ, तेलकट, काळपट पेट्रोल. देवापुढे असलं कसं ठेवायचं, आणि ह्यांनी झाकण उघडून पाहिलं तर? तिने ते सगळं नळी लावून काढलं, टाकी धुतली आणि मिश्रणासाठी ठेवलेल्या डब्यातलं स्वच्छ पेट्रोल गाळून गाळून भरलं. भीतीने माणूस किती नीट काम करतो ते त्या टाकीत पाहावं.

मला हे कळलं दसऱ्याला सकाळी. बाबा सोवळं सोडून कोट चढवायला आत गेले होते. निघण्याआधी मिश्रण किती आहे ते बघावं म्हणून मी झाकण उघडलं. तळाचा पत्रा स्वच्छ दिसत होता. वासाला तेलाचा लवलेश नव्हता. मी आईला विचारलं. तिने सांगितलं, आणि माझा चेहरा बघून हळूच विचारलं, "काही चुकलं का गं?"

मी नाही म्हणाले.

तेलाचा डबा हाताच्या अंतरावर होता. हत्यारांना हात लावायचा नाही हा नेम पूजा झाल्याबरोबर संपला होता, तेव्हा तीही सबब नाही. झाकणातलं माप भरून ओतायला, टाकी हलवायला किती वेळ लागतो? बाबा आत कोटाला ब्रश करत होते, त्याचा आवाज मला येत होता. मी आईच्या हाताकडे पाहिलं. तिने पदराच्या टोकाला वाकडं बोट पुसलं. मी झाकण लावलं आणि घट्ट आवळलं.

बाबा आले. आईने त्यांना ओवाळलं. पहिल्याच किकला इंजिन पेटलं. सायलेन्सरमध्ये साठलेल्या जुन्या तेलाचा निळा धूरही आला, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. ते खुशीत होते. माझ्या पाठीवर थाप मारून गेले. खिदिरपूरच्या दिशेने तो आवाज लहान लहान होत गेला. पश्चात्ताप नव्हता, खोटं कशाला लिहू. मी मनात वाट बघत होते. आता पूल आला असेल, आता मैदान, आता श्यामबाजार. वाटेत एखादं पोर आडवं आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला फार नंतर, स्वतःची मुलं झाल्यावर आला.

श्यामबाजारच्या पुढे मोकळा रस्ता लागल्यावर त्यांनी गाडी ताणली आणि तिथे पिस्टन चिकटला. चाक अडकलं. बाबा हँडलवरून उडून एका उभ्या ठेल्यावर आदळले. ज्यूटच्या गिरणीतल्या लोकांनी त्यांना उचलून इस्पितळात नेलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, बरगड्यांना मार बसला, अर्ध्या चेहऱ्याची सालटी निघाली. कोटाच्या खिशात कांचनाची पानं रक्ताने चिकटून बसली होती, ती नर्सने आईच्या हातात दिली.

तो हात त्यानंतर कुणावर उठला नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो वाकडा जुळला, पण जुळला.

पंधरा-वीस दिवसांनी बाबा प्लास्टरचा हात गळ्यात बांधून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि मला इंजिन उघडायला सांगितलं. गाडी तशीच परत आली होती, लाल टाकीला पोचा पडलेला. मी इंजिनाचं डोकं काढलं, सिलिंडर ठोकून ठोकून वर ओढला. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते, रिंगा खाचेत रुतल्या होत्या. बाबांनी डाव्या हाताचं बोट आत फिरवलं, अंगठ्यावर चोळलं आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. बोट कोरडं होतं.

तेल घालायचं काम कुणाचं, असं त्यांनी विचारलं. माझं, मी म्हणाले. विसरलीस का, त्यांनी विचारलं.

दाराशी आई उभी होती. आपण टाकीतलं तेलच काढून टाकलं होतं हे तिला एव्हाना समजलं होतं. ती पुढे आली, "अहो, टाकी मी..." एवढंच म्हणाली आणि मी तिचं बोलणं तोडलं.

"विसरले नाही," मी म्हणाले. "झाकण उघडून बघितलं होतं. तेल नाही हे मला माहीत होतं."

माझ्या हातात पाना होता. ते उठले असते तर मी तो वापरला असता. त्यांनाही तो दिसला. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि मग हसले. बरगड्या दुखत होत्या तरी हसत राहिले.

"माझी पोर शोभतेस खरी," बाबा म्हणाले. आजवर त्यांनी माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. खुर्चीचा आधार घेत ते उठले आणि आत निघून गेले.

मला वाटलं, आता आई मला जवळ घेईल. खरंच वाटलं होतं. ती आली, माझ्या हातातला पाना तिने काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडात मारली. आयुष्यात तिने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. हात कसा उचलायचा हेसुद्धा तिला नीट येत नव्हतं, तरी लागलं.

"मला मारलं असतं, चार दिवसांत उतरलं असतं," ती म्हणाली. "मला सवय आहे. तू कशाला शिकलीस हे?"

ती कुकर... नाही, तेव्हा कुकर नव्हता. ती शेगडीवरचं दूध बघायला गेली. मी न्हाणीघरात जाऊन हात धुतले आणि आरशात पाहिलं. गालावर तीन बोटं सरळ उमटली होती. चौथं, मधलं, आडवं होतं.